‘नवी लागवड’ नांवाचें शहर

परदेश पाहूं इच्छिणारा आपल्याकडील गृहस्थ बहुधा लंडन, पॅरिस किंवा स्वित्झर्लंड यांचेंच नांव घेतो. तीं स्थळें पाहण्याजोगीं आहेत यांत शंका नाहीं. परंतु ज्याचें पोट जमिनीवर चालतें व प्रवासांत ज्याची नजर प्रथम मातीच्या रंगाकडे जाते, त्यानें सर्बिया देशांतील नोवी साद हें शहर अवश्य पाहावें असें मी सुचवीन. राजधानी बेलग्रेडच्या वायव्येस सुमारें ऐंशी-नव्वद किलोमीटरांवर, डॅन्यूब नदीच्या कांठीं तें वसलें आहे. वोयवोदिना या स्वायत्त प्रांताचें तें मुख्य ठिकाण असून, २०२२ च्या शिरगणतीप्रमाणें भोंवतालचीं गांवें धरून त्याची वस्ती सुमारें ३ लाख ६९ हजार आहे. ‘नोवी साद’ या शब्दांचा अर्थच ‘नवी लागवड’ असा आहे.

या लागवडीची हकीकत ऐकण्यासारखी आहे. नदीच्या पलीकडच्या कांठीं पेत्रोवारादिन येथें ऑस्ट्रियाच्या बादशहानें तुर्कांविरुद्ध १६९२ सालीं मोठा किल्ला बांधावयास घेतला. ऑर्थोडॉक्स पंथाच्या सर्बांस त्या किल्ल्याच्या वस्तींत राहण्याची मनाई होती. म्हणून सर्ब व्यापारी व कारागीर यांनीं १६९४ सालीं समोरच्या दलदलीच्या तीरावर घरें घातलीं. पुढें वस्ती वाढली, पेठा भरूं लागल्या. पण हुकमत दुसऱ्याची. तेव्हां रहिवाशांनीं ८०,००० फोरिंट व्हिएन्नाच्या दरबारीं भरले आणि १७४८ सालीं मारिया तेरेझा राणीकडून स्वतंत्र राजनगराची सनद मिळविली. म्हणजे हें शहर कोणा राजानें बक्षीस दिलेलें नव्हे. रहिवाशांनीं तें रोख पैसे मोजून सोडवून घेतलेलें आहे. सनदेंत आणखी एक कलम असें कीं, शहरास लॅटिनमध्यें निओप्लांटा, मग्यार भाषेंत उय्विदेक, जर्मनमध्यें नॉयसात्स व सर्बियनमध्यें नोवी साद म्हणावें. ज्याची जी भाषा, त्यानें त्या भाषेंत नांव घ्यावें. माझी सारी नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली. गांवाच्या नांवांतील एका काना-मात्रेवरून चाललेले तंटे मीं पाहिले आहेत. त्यामुळें हें कलम मला फार सुज्ञपणाचें वाटलें. आजही येथील सरकारी कचेऱ्यांवर सर्बियन, मग्यार, स्लोव्हाक व रुसिन अशा चार भाषांत पाट्या असतात.

पेत्रोवारादिनचा किल्ला पुरा होण्यास १७८० साल उजाडलें. त्याच्या पोटांत चार मजली, एकंदर सोळा किलोमीटर लांबीचीं भुयारें आहेत. त्यांचा थोडाच भाग वाटाड्याबरोबर पाहतां येतो. बुरुजावरील घड्याळाची गंमत निराळी. त्याचा मोठा कांटा तास दाखवितो व लहान कांटा मिनिटें. हेतु हा कीं, नदींतील नावाड्यास दुरून निदान तास तरी कळावा. थंडींत तें मागें पडतें व उन्हाळ्यांत पुढें धांवतें, म्हणून लोक त्यास ‘दारुडें घड्याळ’ म्हणतात.

परंतु ज्या किल्ल्यानें राखण करावयाची, त्याच किल्ल्यांतून १८४९ च्या जूनमध्यें हंगेरियन सैन्यानें शहरावर तोफा डागल्या. १८४३ सालीं येथें १७,३३२ माणसें होतीं. १८५० च्या शिरगणतींत ७,१८२ उरलीं. पुढें १९४२ च्या जानेवारींत हंगेरीच्या फौजेनें शहरांतील हजाराहून अधिक ज्यू व सर्ब स्त्रीपुरुष व मुलें मारून गोठलेल्या डॅन्यूबमध्यें लोटलीं. नदीकांठच्या रस्त्यावर या संहाराचें स्मारक आहे. तेथें कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. १९९९ च्या हवाई हल्ल्यांत नदीवरील तिन्ही पूल कोसळले. ते सर्व पुन्हां उभे राहिले. शेवटचा, रेल्वेचा पूल, २०१८ सालीं खुला झाला.

ताजा घाव मात्र बाहेरच्या शत्रूचा नव्हे. ता. १ नोव्हेंबर २०२४ रोजीं, नुकत्याच दुरुस्त केलेल्या रेल्वे स्टेशनचें काँक्रीटचें छत खालीं उभ्या असलेल्या माणसांवर कोसळलें व एकंदर १६ जीव गेले. त्यानंतर विद्यार्थ्यांनीं देशभर जें आंदोलन उभारलें, त्यांतील पहिली मागणी अशी होती कीं, दुरुस्तीच्या कामाचे सर्व कागद लोकांपुढें उघडे करावेत. शेतकरी आपले ट्रॅक्टर घेऊन त्यांच्या सोबतीस रस्त्यावर आले, आणि २०२५ च्या जानेवारींत पंतप्रधानांस राजीनामा द्यावा लागला. कंत्राट कोणास दिलें, मोजमाप कोणीं केलें, सही कोणाची, या प्रश्नांसाठीं तरुण पोरें थंडींत रस्त्यावर उभीं राहतात, ही गोष्ट कागदाशींच आयुष्य काढलेल्या माणसास विसरतां येण्याजोगी नाहीं. स्टेशनाकडे गेल्यास प्रवाशानें क्षणभर थांबावें.

आतां विद्येकडे वळूं. एकोणिसाव्या शतकांत या शहरास ‘सर्बांचें अथेन्स’ म्हणत. १८६१ सालीं येथें राष्ट्रीय नाट्यगृह स्थापन झालें. ‘मातित्सा स्रप्स्का’ ही विद्वत्संस्था १८२६ सालीं पेस्ट शहरांत निघाली व १८६४ सालीं येथें आली. तिचें ग्रंथालय, चित्रसंग्रह व नियतकालिक अद्याप चालू आहेत. ‘मातित्सा’ म्हणजे पोळ्यांतील राणीमाशी. राणीमाशीभोंवतीं पोळें जमावें तसें ग्रंथांभोंवतीं समाजानें जमावें, ही कल्पना शेतकऱ्याच्या घरांतच सुचावी.

शहराच्या उत्तरेस बाच्काचा सपाट प्रदेश लागतो. माती काळीभोर, भुसभुशीत, सेंद्रिय द्रव्यानें भरलेली. तीस ‘चेर्नोझेम’ म्हणतात. आपल्या काळ्या जमिनीहून ती निराळी. आपली काळी चिकण, उन्हाळ्यांत भेगाळणारी. ही गवताळ रानाच्या मुळांपासून युगानुयुगें बनलेली व हातांत घेतांच सुटणारी. गहूं, मका, सूर्यफूल व साखरबीट हीं मुख्य पिकें. येथें अडचण दुष्काळाहून आधीं साचलेल्या पाण्याची होती. म्हणून डॅन्यूब व तिसा या नद्यांमधील सुमारें ९३० किलोमीटर लांबीची कालव्यांची जाळी निचऱ्यासाठीं बांधण्यांत आली. ती १९७७ सालीं पुरी झाली. ओलीत व जलवाहतूक हे तिचे जोडउपयोग. १९३८ सालीं स्थापन झालेल्या येथील पीक-संशोधन संस्थेचें सूर्यफुलाचें संकरित बियाणें देशोदेशीं पेरलें जातें. १९२३ पासून शहरांत शेतकी प्रदर्शन भरत आलें आहे. तें मे महिन्यांत असतें, आणि आपल्या शेतकऱ्यानें प्रवासाची तारीख त्यावरूनच ठरवावी.

याच सपाटींत ‘सालाश’ म्हणजे शेतावरच्या वस्त्या आहेत. चेनेय गांवच्या शिवारांत कांहीं पाहुण्यांसाठीं चालविल्या जातात. लांबट घर, समोर पडवी, अंगणांत एका टोंकास वजन बांधलेल्या उंच वाशानें पाणी काढण्याची विहीर. मक्याच्या कणगीची रचना तर आपण उचलावी अशी आहे. ती जमिनीपासून उंच, अगदीं अरुंद व लांब, आणि चारी बाजूंस पट्ट्यांच्या फटी. वारा आरपार जातो व कणसें बुरशी न धरतां हिवाळाभर वाळत राहतात. दुसऱ्या महायुद्धानंतर येथें मोठ्या जमिनी सरकारजमा झाल्या, जर्मन वंशाचे शेतकरी हांकलले गेले, बोस्निया-माँटेनेग्रोच्या डोंगरांतून नवे कसणारे आणून बसविले, आणि १९५३ सालीं लागवडीच्या जमिनीची कमाल मर्यादा १० हेक्टर ठरली. पुढें तरुण मंडळी शहरांत गेलीं व पुष्कळ सालाश ओस पडले. पाहुणचाराच्या धंद्यानें त्यांतले थोडे वांचले आहेत. घर वांचलें हें चांगलेंच. पण ज्या अंगणांत आतां गाडगीं केवळ शोभेसाठीं टांगलेलीं असतात, तेथें जेवतांना मन थोडें खट्टू होतें.

जेवणांत पहिला मान फुतोगच्या कोबीस द्यावा. फुतोग हें शहरालगतचें गांव. तेथील कोबीचें पान पातळ, लवचिक व गोडसर असून त्या नांवास कायद्याचें संरक्षण आहे. शरदांत गड्ड्यांचा दांडा कोरून त्यांत मीठ भरतात, पिंपांत गड्डे रचून मिठाचें पाणी ओततात व वर दगड ठेवतात. कांहीं आठवड्यांत कोबी आंबतो व वसंतापर्यंत टिकतो. त्या पानांत तांदूळ व खिमा गुंडाळून मंद आंचेवर शिजविलेल्या ‘सार्मा’ पाहतांच आपल्यास अळूवडीची आठवण होते. नदीकांठच्या खाणावळींत तांबड्या मिरचीचा, मोठ्या कढईंत शिजलेला माशांचा रस्सा मिळतो. बटाट्याच्या पिठांत आलुबुखार भरून केलेले ‘गोंबोत्से’ हे उकडीच्या मोदकाचे लांबचे भाऊ शोभतील. आणि ‘स्लावा’ या सणाच्या दिवशीं कोणा घरीं बोलावणें आलें तर तें मुळींच चुकवूं नये. स्लावा हा कुळाच्या संताचा दिवस. तो बापाकडून मुलाकडे, आपल्या कुळदैवताप्रमाणेंच, चालत येतो. आलेल्या पाहुण्यास प्रथम उकडून दळलेला गहूं, अक्रोड व साखर यांचा एक चमचाभर प्रसाद देतात. त्याचें नांवही ‘झितो’, म्हणजे धान्य.

दक्षिणेस फ्रूश्का गोरा ही टेंकड्यांची रांग आहे. तिचें सर्वांत उंच टोंक ५३९ मीटरांचें, म्हणजे सह्याद्रि पाहिलेल्यास ठेंगणेंच. पण लिंडन वृक्षांचें असें दाट रान क्वचितच आढळेल. जूनमध्यें तो फुलतो व त्याचा मध नामांकित आहे. १९६० पासून हें राष्ट्रीय उद्यान असून झाडींत जुने ऑर्थोडॉक्स मठ लपलेले आहेत. उतारांवर द्राक्षमळे. ते प्रथम रोमन बादशहा प्रोबस यानें तिसऱ्या शतकांत लावविले असें मानतात. त्याच बादशहानें सैनिकांस दलदल उपसण्याच्या कामास जुंपलें, तेव्हां चिडून त्यांनीं २८२ सालीं त्याचा खून केला, असें जुने इतिहासकार लिहितात. पायथ्याच्या स्रेम्स्की कार्लोव्त्सी या टुमदार गांवीं १६९९ सालीं तुर्क व युरोपीय राज्यें यांचा प्रसिद्ध तह झाला. येथें वनस्पति व मसाले घालून ‘बेर्मेट’ नांवाचें गोड मद्य करतात. मी तें घेत नाहीं, म्हणून चवीबद्दल लिहीत नाहीं. त्यापेक्षां मधमाशापालनाचें संग्रहालय पाहावें. एकोणिसाव्या शतकांत योवान झिवानोविच या अध्यापकांनीं येथें नव्या पद्धतीच्या पेट्यांचा प्रसार केला.

प्रवासास मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे. पूर्वी भारतीयांस सर्बियांत व्हिसावांचून जातां येई. ती सवलत १ जानेवारी २०२३ पासून बंद झाली, तेव्हां परवाना आधींच काढावा. शाकाहारी मंडळींनीं खाणावळींत ‘पोस्नो’ म्हणजे उपासाचें मागावें. त्यांत मांस, दूध व अंडें नसतें. मासा मात्र उपासास चालतो, म्हणून ‘मासा नको’ हेंही सांगून ठेवावें.