अपघात आणि भरपाईचा हिशेब

उसाचा हंगाम आला, की आमच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर धावू लागतात; मागे दिवा बहुधा नसतोच. या हंगामात आमच्या गल्लीतला एक जण असाच गेला. तेराव्याच्या आतच एक गृहस्थ दारात हजर! 'क्लेमचं मी बघतो, मिळेल त्यातले चार आणे माझे.' भरपाईत असा हिस्सा ठरवणे वकिलालाही बार कौन्सिलच्या नियमाने मना आहे; हा तर वकीलसुद्धा नव्हता. तरी माणसे सही करतात, कारण हिशेब ठाऊक नसतो.

तो असा. समजा, महिना १०,००० रुपये मिळवणारा ३४ वर्षांचा सुतार गेला. मागे बायको, आई, दोन मुले. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भावी वाढीचे ४० टक्के मिळवायचे : १४,०००. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : १०,५००. वर्षाचे १,२६,०००. २००९ च्या सरला वर्मा निकालातील तक्त्यात या वयाला गुणक १६. झाले २०,१६,००० रुपये. अंत्यविधी वगैरेंची रक्कम वेगळी. मृताचीही चूक ठरली तर कपात होते. पण यातले चार आणे म्हणजे पाच लाख!

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, आपण राहतो त्या भागातही करता येतो. १९९४ मध्ये काढून टाकलेली सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून परत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नये. अपिलाला पूर्वी मुंबई गाठावी लागे; १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते.

त्या वहिनींनी अजून सही केलेली नाही. कागद माझ्याकडे वाचायला दिला आहे.