ईव्ह ऑनलाइन: नवख्यांसाठी ही चढण एवढी उभी का?

जानेवारी २०१४ मध्ये एका व्हिडीओ गेममधल्या लढाईची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. गेमचं नाव ईव्ह ऑनलाइन. २७ आणि २८ जानेवारीला या गेममधल्या एका तारामंडळात हजारो खेळाडू सुमारे २१ तास लढले. 'टायटन' म्हणजे या गेममधलं सगळ्यात मोठं जहाज. अशी ७५ टायटन त्या लढाईत नष्ट झाली आणि खऱ्या पैशात नुकसानीचा अंदाज सुमारे तीन लाख डॉलर निघाला. कारण काय, तर त्या तारामंडळावरचा ताबा टिकवण्यासाठी भरायचं बिल वेळेवर भरलं गेलं नाही! लाइट बिल थकलं की मीटर तोडून नेतात, तसला प्रकार.

अशी बातमी वाचली की कुणालाही वाटतं, आपणही बघू या. पण गेम डाउनलोड करून उत्साहाने बसलेले बरेच जण काही दिवसांतच तो बंद करतात. गेम जुना आहे, नावाजलेला आहे, सुरुवात फुकट करता येते, तरीही असं होतं. ते का होतं आणि टिकणारे कशामुळे टिकतात, ते बघू या. अंतराळातल्या लढाईत रस नसला तरी घरातला मुलगा किंवा मुलगी तासन् तास ऑनलाइन खेळत असेल, तर हे वाचायला हरकत नाही.

चढण म्हणजे काय?

गेम बनवणारे 'डिफिकल्टी कर्व्ह' असा शब्द वापरतात. आलेख काढायचा. आडव्या रेषेवर खेळलेला वेळ, उभ्या रेषेवर अवघडपणा. चांगल्या गेममध्ये ही रेघ हळूहळू वर जाते. आधी चालायला शिकवतात, मग पळायला, मग उडी मारायला. ईव्हबद्दल खेळाडूंमध्ये एक व्यंगचित्र वर्षानुवर्षं फिरतंय. इतर गेमच्या रेघा सौम्य टेकडीसारख्या आणि ईव्हची रेघ सरळ कड्यासारखी. त्या कड्यावरून माणसं खाली पडताना दाखवलीत. चित्र गमतीचं आहे, पण अगदीच खोटं नाही.

आइसलँडची राजधानी रेक्याविक इथल्या सीसीपी कंपनीने हा गेम २००३ मध्ये आणला. चीनसाठी वेगळा सर्व्हर आहे. तो सोडला तर जगातले सगळे खेळाडू लंडनमधल्या एकाच सर्व्हरवर, एकाच विश्वात असतात. तारामंडळं सात हजारांहून जास्त. त्यामुळे आज आलेला नवखा आणि वीस वर्षं मुरलेला गडी एकाच रस्त्यावर फिरतो. शाळेत पहिलीचं पोर आणि कॉलेजचा पैलवान एकाच मैदानात सोडावा, तसं.

या कड्यावर मुळात तीन वेगवेगळ्या भिंती आहेत. त्या सुट्या करून बघितल्या तर भीती बरीच कमी होते.

पहिली भिंत: पडदा

अंतराळातला गेम म्हटलं की हातात दांडा आणि समोर शत्रू, असं चित्र डोळ्यापुढे येतं. ईव्हमध्ये समोर येतात ते तक्ते. अंतर, वेग, दिशा, कोण मित्र, कोण परका, सगळं रकान्यांत. जहाज दांड्याने चालवायचं नसतं, हुकूम द्यायचा असतो: याच्याभोवती फिर, त्याच्यापासून लांब रहा. 'अंतराळातलं एक्सेल' अशी या गेमची थट्टा होते. गंमत म्हणजे २०२२ मध्ये कंपनीने खरोखरच मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलशी गेम जोडणार असल्याचं जाहीर केलं आणि टाळ्या घेतल्या. कॉमर्सवाल्यांनी घाबरू नये, एवढंच सांगतो.

ही भिंत कंटाळवाणी आहे, पण उंच नाही. दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांना सवय होते.

दुसरी भिंत: वेळ

इथे कौशल्यं खेळून वाढत नाहीत, घड्याळानुसार वाढतात. एखादं कौशल्य रांगेत लावलं की तुम्ही झोपलात तरी शिक्षण चालूच राहतं. मग नवख्याला वाटतं की जो दहा वर्षं आधी आला त्याला आपण कधीच गाठणार नाही. बरेच जण इथेच हात टेकतात.

पण हिशेब मांडून बघा. प्रत्येक कौशल्याच्या पाच पायऱ्या असतात. सगळ्यात सोप्या प्रकारच्या कौशल्याला चौथ्या पायरीपर्यंत एकूण ४५,२५५ गुण लागतात आणि पाचवीपर्यंत २,५६,०००. म्हणजे चौथीपर्यंत जायला एक दिवस लागला, तर पुढची एकच पायरी चढायला आणखी साडेचार दिवसांहून जास्त लागतात. मिळतं काय? समजा प्रत्येक पायरीला तोफेचा मारा पाच टक्क्यांनी वाढतो. चौथीवर तो १२० होतो, पाचवीवर १२५. एकूण मेहनतीच्या १८ टक्क्यांहून कमी मेहनतीत ८० टक्के फायदा पदरात पडतो. अर्थशास्त्राच्या पेपरात 'घटती सीमांत उपयोगिता' लिहून मार्क मिळवायचो, तीच ही. जुना खेळाडू पुढे असतो, पण एका जहाजापुरतं बघितलं तर ते अंतर दिसतं तेवढं मोठं नाही. त्याच्याकडे शंभर प्रकारची जहाजं चालवायची कौशल्यं असतील, पण एका वेळी तो बसणार एकाच जहाजात.

शिवाय मोठं जहाज म्हणजे हमखास विजय, असंही नाही. मोठ्या तोफेला तोंड फिरवायला वेळ लागतो. चपळ लहान जहाज जवळून गरगर फिरत राहिलं तर तोफेचे गोळे वाया जातात. म्हणून पहिल्याच आठवड्यातला खेळाडूसुद्धा एक मोलाचं काम करू शकतो. शत्रूच्या जहाजाचं पळून जाण्याचं यंत्र अडवून धरायचं, मागची फौज पोचेपर्यंत सोडायचं नाही. कबड्डीत रेडरचा घोटा धरणारा कोपऱ्यातला गडी आठवा. अंगाने बारीक असला तरी पकड सुटली नाही म्हणजे झालं. बाकीचे येऊन दाबतात.

तिसरी भिंत: माणसं

खरी भिंत ही. ईव्हमध्ये जहाज फुटलं की गेलं. दुसरं विकत घ्यावं लागतं. विमा मिळतो, पण त्यात सगळं भरून निघत नाही. जहाजातल्या मालापैकी साधारण निम्मा नष्ट होतो आणि उरलेला मारणारा उचलून नेतो. 'सुरक्षित' म्हटलेल्या भागात पोलीस असतात, पण ते संरक्षण करत नाहीत, शिक्षा करतात. हल्लेखोराचं जहाज पोलीस उडवणार, हे नक्की. पण तोवर तुमचंही उडालेलं असतं. म्हणून काही टोळ्या स्वस्त जहाजं घेऊन येतात, महागड्या मालाने भरलेलं वाहतुकीचं जहाज फोडतात आणि स्वतःची स्वस्त जहाजं आनंदाने गमावतात. त्यांच्या लेखी तो धंद्याचा खर्च.

बाजारात वेगळे चोर. जिता हे गेममधलं सगळ्यात मोठं व्यापारी केंद्र. तिथे चॅटवर सारख्या जाहिराती चालू असतात: मला एवढे पाठवा, दुप्पट परत देतो. दामदुप्पट योजनांनी आपल्याकडे किती घरं बसवली ते सांगायला नको. गेममध्ये मात्र अशी फसवणूक नियमाला धरून आहे. कंपनी पैसे परत मिळवून देत नाही. नवखे जिथे जन्म घेतात त्या ठरावीक तारामंडळांत त्यांना छळायला बंदी आहे, तेवढंच संरक्षण.

कंपनीने काय केलं?

चढण कमी करायचे प्रयत्न बरेच झाले. पूर्वी शिकण्याचा वेग वाढवणारी वेगळी कौशल्यं होती. शहाण्या नवख्याने आधी आठवडेच्या आठवडे तीच शिकायची, म्हणजे खेळायला आलेल्याने बसून वाट बघायची. २०१० च्या अखेरीस ती काढून टाकली आणि त्यांचे गुण खेळाडूंना परत दिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये कौशल्याचे गुण विकत घ्यायची सोय आली. त्यात एक चांगली अट ठेवली: ज्याच्याकडे गुण कमी, त्याला एका इंजेक्टरमागे पाच लाख, ज्याच्याकडे आठ कोटींहून जास्त, त्याला फक्त दीड लाख. नोव्हेंबर २०१६ पासून मर्यादित रूपात फुकट खेळता येऊ लागलं.

या सगळ्याचा उपयोग झाला, पण दुसऱ्या भिंतीपुरता. तिसरीचं काय? तिथे कंपनीने २०१५ च्या आपल्या वार्षिक मेळाव्यात एक माहिती सांगितली आणि जुन्या खेळाडूंच्याही भुवया उंचावल्या. सुमारे ८०,००० नव्या खेळाडूंचे पहिले १५ दिवस तपासले होते. 'सुरक्षित' भागात दगा होऊन मेलेले निघाले जेमतेम एक टक्का. जवळजवळ ८५ टक्के लोकांना तर कुणी मारलंच नव्हतं. आणि पुढे गेम सोडण्याचं प्रमाण जास्त कुणात होतं? ज्यांना कुणीच मारलं नव्हतं, त्यांच्यात.

आता यावरून 'नवख्याला मारा म्हणजे तो टिकतो' असं म्हणणं म्हणजे आकडे उलटे वाचणं. जो मुळातच धाडसाने बाहेर पडतो, लोकांत मिसळतो, तो मरतोही जास्त आणि टिकतोही जास्त. मरणं हे टिकण्याचं कारण असेलच असं नाही. पण एक गोष्ट यातून दिसते. लोक मार खाऊन जेवढे जातात त्याहून जास्त कंटाळून जातात. एकटं बसून दगड फोडत खनिज काढायचं, कुणी बोलायला नाही, आपण काय करतोय ते कळत नाही. पंधरा दिवसांनी माणूस उठून जातो.

दुसऱ्या गेमशी तुलना

ब्रिटनमधल्या केंब्रिजच्या फ्रंटियर कंपनीचा एलिट डेंजरस हा गेम २०१४ मध्ये आला. १९८४ च्या एलिट या गेमचा तो वारसदार. तिथली चढण वेगळ्या जागी आहे. जहाज हाताने चालवायचं. फिरत्या स्थानकाच्या चिंचोळ्या फटीतून आत शिरून उतरणं हीच नवख्याची पहिली परीक्षा, आणि ती पहिल्या तासातच येते. पण जहाज फुटलं तर किमतीच्या साधारण पाच टक्के भरून तेच परत मिळतं, आणि माणसं नकोशी झाली तर एकट्याने खेळायचा मार्गही आहे. तिथे हात शिकवावा लागतो, ईव्हमध्ये अक्कल.

आपल्याकडून कुणी खेळणार असेल तर

मोबाइलवरच्या बंदुकीच्या गेममध्ये नेट जरा अडखळलं की खेळ संपतो. ईव्हचा सर्व्हर मात्र सेकंदाला एकदाच हिशेब करतो. त्यामुळे लंडनपर्यंतच्या अंतराचा फारसा तोटा होत नाही. रोज आपल्या दुपारी साडेचारच्या सुमाराला सर्व्हर थोडा वेळ बंद असतो, तेव्हा लाइन गेली म्हणून राऊटरला शिव्या देऊ नका. मराठी किंवा हिंदीत गेम नाही, त्यामुळे इंग्रजी वाचायची तयारी हवी.

पैसे सुरुवातीला अजिबात घालू नयेत. फुकट खात्यात कौशल्यांचे सुमारे ५० लाख गुण मिळवता येतात. गेम आवडतो की नाही ते ठरवायला तेवढे खूप झाले. खरे रुपये मोजून पहिल्याच महिन्यात मोठं जहाज घ्यायचा मोह होतो. ते चालवायची समज नसताना ते घेतलं तर फुटतं, आणि त्या दिवशी गेमबरोबर पैसेही जातात. पालकांनी कार्ड आणि यूपीआय स्वतःच्या हातात ठेवलेलं बरं. या गेमचा सगळ्यात जुना नियम असा की जे गमावायला परवडत नाही त्यात बसून उडू नये. हा नियम शेअर बाजारालाही लागू पडतो.

शेवटचं आणि महत्त्वाचं म्हणजे पहिल्या आठवड्यातच एखाद्या संघात जावं. ईव्ह युनिव्हर्सिटी हा खेळाडूंनीच चालवलेला शिकवणारा संघ २००४ पासून आहे. तिथे नवख्यांचे वर्ग घेतात, प्रश्न विचारले तर उत्तरं देतात, आणि जहाज फुटलं तर ते का फुटलं हे कुणीतरी समजावून सांगतं. कडा आहे तेवढाच उभा राहतो, पण वरून दोर टाकणारा कुणी असला की चढता येतो.