तोपेच्या साच्यापासून जामबागेपर्यंत

हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या बडी चौडीत साडीचा भाव करून थकलात की पाय आपसूक आबिदच्या दिशेला वळतात. तसंच थोडं पुढे चालत राहिलं की गनफाउंड्री. जुने हैदराबादी अजून 'तोप का सांचा' म्हणतात, कारण रेमाँ नावाच्या फ्रेंच सरदारानं अठराव्या शतकाच्या अखेरीस निजामासाठी इथं तोफा ओतल्या. आता त्याच परिसरात कॅथलिक शाळांची रांग आहे. दफ्तरांच्या गर्दीत रस्ता ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो.

त्यातली जुनी ऑल सेंट्स, 1855 ची. तिचं मूळ बिशप डॅनियल मर्फी यांच्यापाशी जातं. आयर्लंडमधल्या कॉर्कचा हा माणूस हैदराबादेत मिशनचं काम उभं करून पुढे टास्मानियाला गेला, होबार्टचा आर्चबिशप झाला आणि 1907 मध्ये नव्वदी ओलांडून वारला. रोझरी कॉन्व्हेंट 1904 ची. ती चालवणाऱ्या फ्रान्सिस्कन जोगिणींचा संघ एका फ्रेंच बाईनं काढला, पण काढला उटीत, 1877 साली. म्हणजे 'परदेशी' म्हणून आपण ज्यांच्याकडे बोट दाखवतो, त्यांचं जन्मस्थान निलगिरीत निघतं.

मर्फी गेले त्याच 1907 साली सुलतान बाजाराला लागून असलेल्या जामबागेत विवेक वर्धिनी ही मराठी शाळा सुरू झाली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक ही तिच्यामागची मुख्य नावं. कोरटकर परभणीकडच्या पुरजळचे, वकिली करत हैदराबादेत स्थिरावलेले, पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश. दरबाराची भाषा उर्दू, 1918 साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. मिशनच्या शाळेत इंग्रजी. पण घरात 'आई' म्हणणाऱ्या मुलानं 'अलिफ बे' किंवा 'ए बी सी' याशिवाय तिसरं काही शिकूच नये का, हा कोरटकरांचा साधा सवाल होता. तो विचारायला त्या काळी धाडस लागत होतं.

बाजाराची जागाही त्याला सोयीची. सुलतान बाजार तेव्हा रेसिडेन्सी बाजार होता. निजामाच्या राजधानीत असूनही ब्रिटिश रेसिडेंटच्या अखत्यारीतला. निजामाच्या हुकमांचा जाच इथं थोडा सैल पडे. म्हणून आर्य समाज 1892 मध्ये इथंच आला आणि 1901 साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालयही. 1933 मध्ये हा भाग निजामाकडे परत गेला आणि सुलतान बाजार झाला. मिशनऱ्यांना रेसिडेन्सीचा आधार होता म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की त्याच सावलीत आपणही बसलो होतो.

विवेक वर्धिनीच्या इतिहासातला एक प्रसंग मराठी माणसं सहसा सांगत नाहीत. नोव्हेंबर 1921 मध्ये शाळेच्या थिएटरात सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्ष धोंडो केशव कर्वे. भाषणं इंग्रजी, उर्दू, मराठीत चालली. मग अलमपल्ली वेंकटरामाराव हे वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. श्रोत्यांनी टाळ्या पिटून, हुर्यो करून त्यांना खाली बसवलं. श्रोते बहुतेक मराठी आणि कन्नड. मातृभाषेसाठी काढलेल्या शाळेत मातृभाषेचीच टर उडाली. त्याच रात्री दुखावलेली काही तेलुगू मंडळी टेकमाल रंगारावांच्या घरी जमली आणि आंध्र जनसंघाचा पाया पडला. पुढे आंध्र महासभा त्यातूनच उभी राहिली.

कर्व्यांना त्या वेळी काय वाटलं असेल, कोण जाणे. हुर्यो करणाऱ्यांना मात्र तेलुगू अपरिचित नव्हतं. भाजी, किराणा, धोबी, रोजच्या व्यवहारात ती कानावर पडतच होती. आणि जवळच्याच बाजारात भाषा निलयमचं दार वीस वर्षं उघडं होतं.