जुन्या मोटारीच्या नसा

व्हाइटफील्ड म्हटले की हल्ली डोळ्यांसमोर येतात त्या काचेच्या इमारती, आयटी पार्कच्या फाटकापुढची गर्दी आणि २०२३ मध्ये तिथवर पोहोचलेली मेट्रो. बंगळूरच्या या भागातल्या मोठाल्या सोसायट्यांत पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही राहतात. अशा एखाद्या सोसायटीच्या तळघरात, आच्छादनाखाली, बाबांची प्रीमियर पद्मिनी उभी असेल तर तिची कथा बहुधा एकाच वळणाने जाते. बाबा गेले किंवा थकले, गाडी विकवेना, म्हणून ट्रकवर घालून ती बंगळूरला आणली. दसऱ्याच्या आयुधपूजेला तिला हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली. एका रविवारी मुलांना फिरवून आणावे म्हणून चावी फिरवली, आणि डॅशबोर्डमागून धुराची बारीकशी रेघ वर आली.

तो धूर इंजिनाचा नसतो, तारांचा असतो. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

मोटारीचे इंजिन हे तिचे हृदय, असे आपण सहज म्हणून जातो. मग त्या हृदयाला हुकूम पोहोचवणाऱ्या नसा कोणत्या? बॅटरीपासून चावीपर्यंत, चावीपासून कॉइलपर्यंत, डायनॅमोपासून पुन्हा बॅटरीपर्यंत आणि तिथून दिवे, हॉर्न, वायपर यांच्याकडे धावणाऱ्या तारांचा जो एकत्र बांधलेला जुडगा असतो, त्याला वायरिंग हार्नेस म्हणतात. रंग उडाला तर दिसतो, इंजिन थकले तर ऐकू येते. हा जुडगा मात्र पत्र्याआड, गालिच्याखाली दडलेला असतो. त्याच्याकडे लक्ष जाते ते गाडी बंद पडल्यावर, नाहीतर पेटल्यावर.

बर्थाबाईंची युक्ती

मोटारीच्या तारेची पहिली गाजलेली दुरुस्ती एका गृहिणीने केली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ या जर्मन बाई आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या तीन चाकी मोटारीतून माहेरी निघाल्या. मॅनहाइम ते फोर्झहाइम हा तो प्रवास सुमारे १०० किलोमीटरचा. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या तारेचे आवरण खराब झाले, तिथे त्यांनी आपल्या पायमोज्याचा पट्टा गुंडाळला आणि पुढे निघाल्या. पतिराज कार्ल बेंझ यांची मोटार चालते, हे लोकांना पटले ते या प्रवासामुळे. त्याच घराण्याचे नाव लावणाऱ्या मर्सिडीज-बेंझ कंपनीने १९९६ मध्ये बंगळूरला संशोधन केंद्र सुरू केले. आज व्हाइटफील्डमध्ये त्याचे काम चालते. बर्थाबाईंच्या त्या एका तारेपासून आजच्या मोटारीतल्या काही किलोमीटर लांबीच्या तारांपर्यंतचा हा पल्ला आहे.

आजच्या मोटारीत तारांवरून नुसती वीज धावत नाही, निरोपही धावतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे ठेवलेल्या ‘कॅन’ पद्धतीत दोनच तारांवरून अनेक यंत्रे एकमेकांशी बोलतात. पद्मिनीचे तसे नाही. तिथे प्रत्येक कामाला आपली वेगळी तार. म्हणूनच ती समजायला सोपी, आणि घरच्या घरी कागदावर काढता येण्याजोगी!

कुर्ल्याची राणी

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची ‘११००’ तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिला चित्तोडच्या राणीचे नाव मिळाले, पद्मिनी. नव्या शतकाच्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली.

टॅक्सीच्या गर्दीत एक गोष्ट टिकून होती. पद्मिनीच्या तारा डोळे मिटून ओळखणारे वायरिंगवाले गल्लोगल्ली होते. टॅक्स्या गेल्या तसे ते हातही दुसऱ्या कामांना लागले. बंगळूरला जे. सी. रोडवर गाड्यांचे सुटे भाग आणि एस. पी. रोडवर विजेचे सामान आजही मिळते, पण तयार हार्नेस हाताशी लागेलच याची खात्री नाही. मग एकच मार्ग उरतो, जुन्याच्या मापाने नवा बांधायचा.

तारा का मरतात?

तांब्याची तार सहसा मरत नाही, मरते ते तिचे आवरण. इंजिनाच्या उष्णतेने, तेलाच्या वाफेने प्लास्टिक कडक होते आणि बोटाने वाकवले तरी तडकते. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथले रबर गळून पडते आणि धारदार कड तारेला रोज थोडी थोडी कापते. त्यात उंदीर! तळघरात महिनोन्महिने उभी असलेली गाडी म्हणजे त्याला हक्काचे बिऱ्हाड. गणपतीचे वाहन आपल्या वाहनात शिरले की त्याला आधी दिसते ती मऊ वायर.

याहून मोठा शत्रू म्हणजे माणूस. जुन्या गाडीची वायरिंग उघडली की तिचा सगळा इतिहास वाचता येतो. कोणीतरी टेप वाजवण्यासाठी इथून वीज चोरली, कोणी मोठ्या आवाजाचे हॉर्न तिथे जोडले, कोणी नुसते पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळली. आणि कुठेतरी, उडालेल्या फ्यूजच्या जागी, सिगारेटच्या पाकिटातली चांदी.

ही चांदी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बॅटरी १२ व्होल्टची, हात लावला तर झटका बसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण सेल्फ मारताना हीच बॅटरी १०० अँपियरहून जास्त प्रवाह देते. तोच प्रवाह एखाद्या बारीक तारेतून सरळ बॉडीला मिळाला, तर तार काही सेकंदांत लाल होते आणि शेजारच्या तारांची आवरणे वितळवते. फ्यूज असतो तो यासाठीच, तारेने जळण्याआधी त्याने जळावे. चांदी लावणारा हे संरक्षण काढून घेतो, आणि मागच्या बाकावर मुले बसलेली असतात.

मापाचा ब्लाऊज

शिंप्याकडे जाताना बायका मापाचा ब्लाऊज नेतात. जुना हार्नेस हा तसाच मापाचा ब्लाऊज आहे. तो कितीही जळका, कळकट असला तरी काम पूर्ण होईपर्यंत फेकायचा नाही, हा पहिला नियम. काढण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. मग प्रत्येक जोडाचे छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी: ‘कॉइल’, ‘तेलाचा दिवा’, ‘पाण्याचे तापमान’. चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावे, शाई तेलाने पुसते. या कामात मुलांची मदत फार होते, त्यांचे अक्षरही आपल्यापेक्षा बरे असते.

हार्नेस बाहेर आला की तो प्लायवूडच्या फळीवर पसरायचा, कडेने पेन्सिल फिरवायची आणि जिथे फांद्या फुटतात तिथे खिळे ठोकायचे. या खिळ्यांमधून नव्या तारा ओढत नेल्या की लांबी आपोआप बरोबर येते. कारखान्यांतही हार्नेस अशाच फळ्यांवर बांधले जातात. प्रत्येक तार बोटभर जास्तच ठेवावी. कापता केव्हाही येते, वाढवता येत नाही.

तार कोणती घ्यावी? घराच्या भिंतीतली मुळीच नको. तिच्या जाड काड्या इंजिनाच्या थरथरीने तुटतात. मोटारीच्या तारेत बारीक धागे पुष्कळ असतात आणि आवरण उष्णता व तेल सोसणारे असते. लहान दिव्यांना १ चौरस मिलिमीटरची तार पुरते, हेडलाइट व हॉर्नला दीड ते अडीचची लागते, डायनॅमोकडून येणाऱ्या मुख्य तारेला त्याहून जाड, आणि सेल्फची केबल तर निराळीच, अंगठ्याएवढी. रंग मूळ आराखड्याप्रमाणेच ठेवावेत. दुकानात लाल गुंडाळी स्वस्त मिळाली म्हणून सगळी गाडी लाल करून ठेवणाऱ्याला पुढचा कारागीर शिव्याच घालतो.

टोकांना लग बसवताना ते चांगल्या पकडीने दाबावेत. डाग देऊन केलेला जोड दिसायला मजबूत असतो, पण डाग संपतो तिथे तार कडक होते आणि थरथरीने तिथेच तुटते. घरी शिकणाऱ्याने दाबण्याचाच सराव करावा.

मंद दिव्यांचे गणित

‘जुन्या गाडीचे दिवे मंदच असायचे,’ असे वडीलधारी मंडळी सांगतात. ते अर्धेच खरे आहे. ६० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर मिळून १० अँपियर घेतात. जुन्या पद्धतीत हा सगळा प्रवाह बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या बटणापर्यंत आणि तिथून परत पुढे दिव्यांपर्यंत जातो. १ चौरस मिलिमीटरची ५ मीटर तार वाटेत सुमारे पाऊण ते एक व्होल्ट गिळते. इतक्या घटीने प्रकाश पाचव्या हिश्श्याहून जास्त कमी होतो. गंजलेले जोड आणखी गिळतात ते वेगळे.

उपाय आहे रिले. बटणाने फक्त हुकूम द्यायचा, ओझे रिलेने उचलायचे. रिलेच्या ८५ आणि ८६ क्रमांकाच्या पायांत बटणाकडून येणारा किरकोळ प्रवाह जातो, त्याने आतले चुंबक ओढले जाते आणि ३० व ८७ या पायांतून बॅटरीचा जाड प्रवाह थेट दिव्यांना मिळतो. बॅटरीजवळ फ्यूज, मग रिले, मग दिवा. बटणही तापत नाही. हा बदल बाहेरून दिसत नाही, त्यामुळे ‘मूळची गाडी’ म्हणून अडून बसणाऱ्यांनीही तो करायला हरकत नसावी.

डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवणारेही पुष्कळ आहेत. त्यात एक फसगत होते. अल्टरनेटर जास्त प्रवाह देतो, पण तो वाहून नेणारी तार जुनीच राहते. नवा पाहुणा आणायचा तर वाटही रुंद करावी. आणि अल्टरनेटरची गाडी चालू असताना बॅटरीचे टोक कधीही काढू नये, आतले डायोड जातात.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते अर्थकडे. इंजिन रबराच्या आधारांवर बसलेले असते, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी लागते. ती तुटली किंवा रंगकामात विसरली गेली, तर सेल्फचा प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो, आणि चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल तापून धुरावते. लोक मग चोकला दोष देतात! पट्टीखालचा रंग पार खरवडून, पत्रा चकचकीत करून ती आवळावी.

सरकारदरबारी

तारा जोडल्या तरी गाडी रस्त्यावर आणायला कागद लागतात. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथली नोंदणी घ्यावी लागते, आणि त्याआधी मूळ आरटीओचे ना हरकत पत्र. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर ५-५ वर्षांनी नव्याने करून घ्यायची, तेव्हा तपासणी होते. दिवे, हॉर्न, वायपर तिथे चालून दाखवावे लागतात.

२०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसतील तर अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. सर्वांत जुन्या पद्मिनींनी ही पन्नाशी २०२४ मध्ये गाठली. मात्र या क्रमांकावर रोजचा वापर चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांनीच गाडी बाहेर काढता येते. रविवारी सहकुटुंब फिरायचे असेल तर साधी नोंदणीच बरी.

चावी फिरवण्याआधी

सगळे जोडून झाले की लगेच बॅटरी लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. बॅटरीचे ऋण टोक आणि त्याची केबल यांच्यामध्ये एक १२ व्होल्टचा बल्ब जोडावा, सगळी बटणे बंद ठेवावीत. बल्ब प्रखर पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. प्रवाह बल्बमधूनच जातो, त्यामुळे तार जळत नाही. फ्यूज एकेक करून काढत जावे, ज्याने बल्ब विझेल त्या फांदीत दोष. नाही पेटला, तर बल्ब काढून एकेक फ्यूज बसवत दिवे, हॉर्न, वायपर तपासावेत, आणि शेवटी इंजिन. चावी चालू ठेवून इंजिन बंद, असे मात्र फार वेळ ठेवू नये, पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापते. आग विझवण्याचे छोटे नळकांडे हाताशी हवेच, आणि हे काम तळघरात न करता उघड्यावर केलेले बरे.

इंजिन सुरू झाले की १० मिनिटांनी ते बंद करून बॉनेटखालच्या प्रत्येक जोडाला हात लावून पाहावे. इंजिनापासून दूर असूनही जो जोड गरम लागतो, तो सैल आहे. पहिल्या दोन-तीन फेऱ्या जवळच्याच माराव्यात, व्हाइटफील्डच्या जुन्या इनर सर्कलच्या झाडांखालून. नंतर सगळे नट पुन्हा एकदा आवळावेत आणि नव्या तारांचा आराखडा, रंगांच्या नावांसह, मराठीत लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवावा. त्याची एक प्रत घरी कपाटातही असू द्यावी, कारण खणातल्या कागदाचे उंदीर काय करतील याचा नेम नाही.