सुरी, हात आणि अंतर : ‘द रेड २’मधील एक द्वंद्व

मारधाडीच्या चित्रपटांत बंदूक, तलवार आणि सुरी ही तीन शस्त्रे सर्वाधिक दिसतात. बंदुकीला मारणारा आणि मरणारा यांच्यात अंतर लागते आणि तलवारीला निदान हातभर तरी जागा हवी असते. सुरीसाठी मात्र समोरच्याच्या श्वासाइतके जवळ जावे लागते. बहुतेक चित्रपट ही जवळीक टाळतात. पाते चमकते, किंकाळी ऐकू येते आणि दृश्य बदलते. गॅरेथ इव्हान्स या वेल्श दिग्दर्शकाने इंडोनेशियात केलेल्या ‘द रेड २’ (२०१४) या चित्रपटातील स्वयंपाकघरातली लढत ही जवळीक टाळत नाही. मारधाडीच्या चित्रपटांचे रसिक आजही तिची उजळणी करतात. तिचे बळ रक्तपातात नसून त्या हत्याराच्या घडणीत आहे, असे मला वाटते.

या हत्याराचे नाव करांबित. पश्चिम सुमात्रातील मिनांगकाबाउ लोकांशी त्याचे नाव जोडले जाते. पाते आखूड आणि विळ्यासारखे वाकलेले, धार आतल्या बाजूला, मुठीच्या टोकाला एक कडे. कड्यात तर्जनी अडकवून मूठ आवळली की पाते करंगळीच्या बाजूने बाहेर येते. ते वाघाच्या नखासारखे आहे, असे तिकडे मानतात. वाघाच्या चालीवर बेतलेली ‘सिलेक हारिमाउ’ ही युद्धपद्धतीही त्याच प्रांतातली. मराठी वाचकाला येथे वाघनख आठवणे स्वाभाविक आहे. दोन्ही शस्त्रांचे ऐतिहासिक नाते आहे असे मला म्हणायचे नाही. पण बोट कड्यात अडकवायचे, शस्त्र मुठीत दडवायचे आणि वाघाच्या पंजाची नक्कल करायची, ही कल्पना दोन्हीकडे दिसते. फरक असा की वाघनख ओरबाडते, तर करांबित आकड्यासारखे अडकते आणि ओढत कापते.

लढतीची सारी रचना या कड्यातून निघते. साधी सुरी मनगटावर फटका मारून पाडता येते. करांबित बोटात अडकलेले असल्याने तसे पाडता येत नाही. त्यामुळे निःशस्त्र माणसापुढे एकच वाट उरते. मागे न सरकता आत शिरायचे आणि समोरच्याचे मनगट, कोपर किंवा दंड ताब्यात घ्यायचा. म्हणजे पात्यापासून वाचण्यासाठी पात्याजवळच जायचे. हात अडवणे, सांधा पकडणे, तोल घालवणे हे पेंचाक सिलातचे नेहमीचे शिक्षण आहे. हे उसने घेतलेले कौशल्य नव्हे. नायक रामाची भूमिका करणारा इको उवैस आणि मारेकऱ्याची भूमिका करणारे चेचेप आरिफ रहमान हे दोघेही सिलातचे खरे साधक आहेत. इव्हान्स यांना इको सापडला तोही सिलातवर माहितीपट करत असताना. त्या वेळी तो एका दूरसंचार कंपनीत गाडी चालवत होता. दोघांनी मिळून केलेला ‘मेरांताउ’ (२००९) हा चित्रपटही एका मिनांगकाबाउ तरुणाचीच गोष्ट सांगतो. पुढे २०१९मध्ये युनेस्कोने पेंचाक सिलातच्या परंपरांचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

आता लढतीकडे वळू. जागा पांढऱ्याशुभ्र, लखलखीत स्वयंपाकघराची. दोघे आधी एकमेकांना निरखतात, जणू परीक्षेला बसलेले दोन विद्यार्थी. सुरुवात रिकाम्या हातांनी होते. बराच वेळ दोघे तुल्यबळ राहतात आणि मगच मारेकरी करांबित काढतो. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. शस्त्र आधीच दिसले असते तर प्रेक्षकाने कौशल्य मोजलेच नसते. दोघांची बरोबरी आधी ठरल्यामुळे पाते बाहेर येताच आपल्याला तोल ढळल्याचे जाणवते. पुढे रामा एक करांबित हिसकावतो आणि दोघे पुन्हा बरोबरीत येतात. पण तोवर दोघांची अंगे कापलेली असतात.

येथे एकही जखम फुकट जात नाही. हिंदी किंवा हॉलिवूडच्या नायकाला दंडावर वार बसतो आणि पुढच्याच क्षणी तो त्याच हाताने ठोसा मारतो. इथे प्रत्येक वारानंतर हालचाल थोडी जड होते, दम लागतो, पाऊल घसरते. कॅमेराही पुरेसा मागे राहतो, त्यामुळे हात कुठून आला आणि कुठे गेला ते दिसते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर रक्त हिशोबासारखे साचत जाते. मी हे दृश्य एकदा आवाज बंद करून पाहिले. संगीत आणि आघातांचे ध्वनी नसतानाही कोण थकतो आहे आणि कोणाचा अंदाज चुकतो आहे, ते स्पष्ट कळत होते.

प्रेक्षक या हत्याराला स्वयंपाकघरात पहिल्यांदा भेटत नाही. त्याआधी याच मारेकऱ्याने प्राकोसो या वयस्क भाडोत्री खुन्याला संपवलेले असते. यायान रुहियान यांनी रंगवलेला हा प्राकोसो कोयता चालवणारा, पण घरापासून तुटलेला आणि मुलासाठी पैसे पोहोचवणारा बाप आहे. त्याचा जीव गेल्याचे दुःख आपल्या मनात असते. म्हणून करांबित पुन्हा दिसते तेव्हा ती केवळ करामत उरत नाही.

अशा दृश्यांवर ‘हिंसेचे उदात्तीकरण’ असा आक्षेप घेतला जातो, आणि तो पूर्णपणे खोडून काढता येत नाही. या लढतीला टाळ्या पडतात, हे खरेच आहे. तरीही सुरीची लढत सोपी आणि स्वच्छ दाखवणाऱ्या चित्रपटापेक्षा तिची किंमत शरीरावर दाखवणारा चित्रपट मला अधिक प्रामाणिक वाटतो. रामा जिंकतो, पण विजयाची मुद्रा त्याच्या चेहऱ्यावर नसते. हा पोलीस घरी बायको-मूल सोडून, गुन्हेगारांत मिसळण्यासाठी तुरुंगात गेलेला असतो. शेवटी दुसरी टोळी त्याच्यासमोर उभी राहते, तेव्हा तो आता पुरे झाले एवढेच सांगतो. स्वयंपाकघरातली ती दमछाक पाहिलेल्या प्रेक्षकाला त्याच्या नकाराचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.