ताडपत्रीचे तास आणि मैलाचा हिशेब

अमेरिकेत पोलाद, लाकूड आणि यंत्रसामग्री वाहून नेणाऱ्या बहुसंख्य ट्रकचालकांना मोबदला मिळतो तो कापलेल्या मैलांवर. मात्र त्यांच्या कामाचा बराच भाग ट्रक उभा असतानाच पार पडतो. मालावर ताडपत्री चढवणे हे त्यातील सर्वांत कष्टाचे काम. त्यासाठी वेगळे पैसे मिळावेत का, आणि किती, हा तेथील मालवाहतूक व्यवसायातील जुना वाद आहे.

ताडपत्री कशासाठी?

'फ्लॅटबेड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रेलरला भिंती नसतात आणि छतही नसते. साधारण ४८ फूट लांबीच्या या सपाट ट्रेलरवर क्रेन किंवा फोर्कलिफ्टच्या साहाय्याने वरून अथवा बाजूने माल ठेवता येतो. ही त्याची सोय आहे आणि उणीवही. पावसाने पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्यांना गंज चढतो, जिप्समचे तक्ते भिजून निकामी होतात. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ मालावर उडते. वाटेत मालाचे नुकसान झाल्यास त्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे वाहतूक कंपनीवर येते. त्यामुळे माल झाकण्याची अट माल पाठवणारा घालतो आणि ती पार पाडण्याचे काम चालकाच्या वाट्याला येते.

पोलादासाठी आखूड, तर उंच रचलेल्या लाकडासाठी दोन्ही बाजूंना सुमारे आठ फूट खाली लोंबणारी ताडपत्री वापरतात. अशा एका ताडपत्रीचे वजन ४५ किलोच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते आणि एका खेपेला दोन-तीन ताडपत्र्या लागू शकतात. फोर्कलिफ्ट मिळाली तर ठीक, अन्यथा चालकाला त्या स्वतःच मालावर चढवाव्या लागतात. त्यानंतर त्या उलगडायच्या, कोपऱ्यांना घड्या घालायच्या आणि रबरी पट्ट्यांनी ट्रेलरच्या कडेला घट्ट बांधायच्या. माल आणि हवामान यांनुसार या कामाला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. मुक्कामी पोहोचल्यावर त्या सोडून, घड्या घालून पुन्हा गुंडाळाव्या लागतात, ते वेगळेच.

या कामात पडण्याचा धोका मोठा असतो. मालाचा माथा जमिनीपासून १३ फुटांपर्यंत असू शकतो आणि ताडपत्रीखालील फटी दिसत नाहीत. वाऱ्याचा झोत आला तर ताडपत्री शिडासारखी फुगते. अनेक कारखान्यांनी यासाठी सुरक्षा पट्ट्याची सोय असलेले मंच उभारले आहेत. परंतु ते सर्वत्र नाहीत.

घड्याळ चालू, मीटर बंद

अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार मालवाहू ट्रकच्या चालकाला सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांचा अवधी मिळतो आणि त्यात जास्तीत जास्त ११ तास वाहन चालवता येते. माल चढवणे, बांधणे, झाकणे आणि तपासणे हा वेळ याच नियमांनुसार कामाचा वेळ ठरतो. निघाल्यानंतर पहिल्या ५० मैलांच्या आत आणि पुढे दर १५० मैलांनी किंवा तीन तासांनी मालाची बांधणी तपासणेही चालकावर बंधनकारक आहे. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकमध्ये वेळेची नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्राद्वारे करणे सक्तीचे झाल्याने ताडपत्रीवर गेलेला वेळ लपवणे कठीण झाले आहे.

अशा रीतीने सुरक्षेचा कायदा या वेळेला काम मानतो. मैलाचा हिशेब मात्र ट्रक हलल्याशिवाय सुरू होत नाही. त्यातच १९३८ च्या कामगार कायद्याने आंतरराज्य मालवाहतुकीतील चालकांना जादा तासांच्या दीडपट वेतनातून वगळले आहे. किमान वेतनाचा नियम त्यांना लागू आहे, पण तो सहसा संपूर्ण आठवड्याच्या सरासरीवर तपासला जातो. मैलांची कमाई पुरेशी असली की ताडपत्रीचे तास त्या सरासरीत विरून जातात.

भरपाई किती?

ही तफावत भरून काढण्यासाठी अनेक कंपन्या प्रत्येक खेपेमागे ठरावीक 'टार्प पे' देतात. ही रक्कम बहुधा २५ ते १०० डॉलरच्या दरम्यान असते. काही कंपन्या हे काम मैलाच्या दरातच धरल्याचे सांगतात. जेथे चालकाला भाड्यातील ठरावीक टक्के वाटा मिळतो, तेथे माल पाठवणाऱ्याकडून घेतलेले ताडपत्रीचे शुल्क त्या भाड्यात धरले आहे की नाही, हा कळीचा प्रश्न ठरतो. स्वतःचा ट्रक कंपनीला भाडेकराराने देऊन टक्केवारीवर काम करणाऱ्याला संघीय नियमांनुसार मूळ भाडेबिलाची प्रत मागण्याचा हक्क आहे.

एक साधा हिशेब पाहता येईल. समजा, मैलामागे ६० सेंट मिळतात आणि ताशी सरासरी वेग ५५ मैल आहे. ताडपत्री चढवण्या-उतरवण्यात दोन तास गेले तर ११० मैलांची, म्हणजे ६६ डॉलरची कमाई बुडते. त्या खेपेला ५० डॉलर 'टार्प पे' मिळाले, तरी चालकाला १६ डॉलरचा तोटाच होतो. ज्या रकमेला बक्षीस समजले जाते ती प्रत्यक्षात बुडालेल्या मजुरीची अपुरी भरपाई असते.

कॅलिफोर्नियाने या प्रश्नाला थेट हात घातला. नगावर किंवा खेपेवर मोबदला घेणाऱ्यांना विश्रांतीच्या आणि अन्य 'अनुत्पादक' वेळेचे स्वतंत्र वेतन द्यावे, अशी तरतूद तेथे २०१६ पासून लागू झाली. राष्ट्रीय पातळीवर चालकांना जादा तासांचे वेतन मिळावे यासाठी २०२२ आणि २०२३ मध्ये संसदेत विधेयके मांडली गेली, पण त्यांचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

रुळांवर सरकणाऱ्या, ट्रेलरलाच जोडलेल्या आच्छादनामुळे हे काम काही मिनिटांवर येते आणि मालावर चढण्याची गरजही उरत नाही. परंतु असा ट्रेलर महाग असतो आणि आच्छादनाच्या वजनाइतका माल कमी भरावा लागतो. चालकाचे दोन तास कंपनीला जवळपास फुकट मिळत असतील, तर हा खर्च करण्याची निकड तिला जाणवत नाही. त्या तासांची पूर्ण किंमत मोजावी लागली, तरच मालावर चढणाऱ्या माणसाची जोखीमही कमी होण्याची शक्यता आहे.