पंपाची भीती, पुडीचा भरवसा
दमा समजून घेताना : भाग ६

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि धाप थांबली तरी ती सूज जात नाही, हे मागच्या भागात पाहिलं. ही सूज उतरवणारं सर्वांत भरवशाचं औषध म्हणजे स्टेरॉईडचा पंप. आपल्याकडे सर्वांत जास्त धास्तीही त्याचीच.

हिंगोली जिल्ह्यात होळीच्या आगेमागे हळदीची लगबग असते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ती बाजारात जाण्याआधी शिजते, उन्हात वाळते आणि मग लोखंडी ड्रममध्ये फिरून पॉलिश होते. ड्रम फिरू लागला की साल आणि माती झडून पिवळा धुरळा उठतो. तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसाच्या भुवयासुद्धा पिवळ्या होतात. पावसाळा सरता सरता मळणीयंत्रातून सोयाबीनचा भुसा उडतो आणि चुलीचा धूर तर बारमाही. ज्याच्या नलिका आधीच सुजलेल्या, त्याची छाती अशा वेळी घरघरू लागते.

मग कुणी ओळखीच्याकडून बिननावाची पुडी आणतं, कुणी औषधाच्या दुकानातून 'दम्याची गोळी' मागून घेतं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हापासून हैदराबादची वाट आपल्या ओळखीची. तिथे मृग नक्षत्राला बथिनी कुटुंबाकडून जिवंत माशाच्या तोंडात भरलेलं औषध गिळायलाही माणसं जातात. त्याने दमा बरा होतो, असं शास्त्रीय चाचणीत सिद्ध झालेलं नाही. पंपाचं नाव काढलं की मात्र हीच माणसं म्हणतात, "नको, सवय लागते."

यातली विसंगती आकड्यांत दिसते. दुकानातून मागून घेतलेली ती गोळी बहुधा प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टेरॉईडचीच असते. बिननावाच्या पुडीतही अनेकदा स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं. १० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. पंपातून घेतल्या जाणाऱ्या ब्युडेसोनाइडचा मोठ्या माणसाचा कमी मात्रेचा डोस दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम असतो. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, म्हणून ही तुलना तंतोतंत नव्हे. पण गोळी रक्तातून अंगभर फिरते, तर पंपातलं औषध थेट सुजेच्या जागी पडतं. मुरगळलेल्या पायाला लेप पायालाच लावतात, तसं. घशातून पोटात गेलेल्या ब्युडेसोनाइडचा बहुतेक भाग यकृतच निकामी करतं. १९७२ मध्ये इंग्लंडमधल्या डर्बीच्या डॉ. हॅरी मॉरो ब्राउन यांनी बेक्लोमेथासोनच्या पंपाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचे बरेच रुग्ण वर्षानुवर्षांच्या गोळ्यांतून सुटले होते.

पंपाचे दुष्परिणाम आहेतच. आवाज बसतो, जिभेवर बुरशीचे पांढरे चट्टे येतात. औषध तोंडात चिकटून राहिल्याने हे होतं. पंपानंतर गुळण्या करून पाणी थुंकलं आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरला की बरंचसं टळतं. लेकराची वाढ खुंटेल का, हा आयांचा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड काही वर्षं घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरीकडे, आटोक्यात नसलेला दमाही वाढ रोखतो आणि जीवही घेऊ शकतो. मोठ्या मात्रेत अनेक वर्षं पंप घेणाऱ्यांनी हाडं आणि डोळे तपासून घ्यावेत. दमा सुमारे तीन महिने शांत राहिला की डॉक्टर मात्रा कमी करून पाहतात. आपल्या मनाने मात्रा वाढवू नये आणि पंप एकाएकी बंदही करू नये. गरोदरपणातही तो परस्पर सोडू नये.

आता पद्धत. दाबाचा पंप असेल तर टोपण काढा, पंप हलवा, स्पेसरला लावा. श्वास सोडा, ओठ घट्ट मिटा, एकदाच दाबा आणि सावकाश, खोल श्वास ओढा. मनात दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धरा. दुसरा पफ हवा असेल तर अर्ध्या मिनिटाने हीच कृती पुन्हा करा. लहान मुलाला स्पेसरला मास्क लावून पाच-सहा श्वास घेऊ द्या. कॅप्सूलच्या पंपाची रीत उलटी आहे : तिथे श्वास जोरात आणि झपकन ओढायचा, पंपात फुंकायचं नाही. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या. कपड्याने पुसलात तर औषध त्याच्या भिंतीला चिकटतं.

पंपाच्या रंगावर जाऊ नका, नाव वाचा. साल्ब्युटामॉल नलिका तेवढ्यापुरती मोकळी करतं, सूज उतरवत नाही. मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी केवळ त्याच्यावर भिस्त ठेवू नये, असं 'जिना' ही दम्यावरची जागतिक संस्था २०१९ पासून सांगते आहे. वर्षात त्याचे तीन किंवा अधिक पंप संपत असतील तर दमा आटोक्यात नाही, असं समजा.

वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, बरगड्या आत ओढल्या जात असतील तर घरी थांबू नका. साल्ब्युटामॉलसारखा आराम देणारा पंप स्पेसरमधून देत १०८ ला फोन लावा.

तपासणीला जाताना पंप सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवा. औषध लागू पडत नाही, अशी तक्रार असते तेव्हा पुष्कळदा चूक पद्धतीत सापडते. आणि घरात बिननावाची पुडी असेल, तर तीही दाखवा, लपवू नका.

(पुढील भागात : पाच वर्षांखालच्या मुलांची घरघर, दम्याची कोणती आणि सर्दीची कोणती?)